गायरानाला कुंपण

भूकंपानंतर आमच्या गावाला एक सवयच जडली. जमीन गुरगुरली की गुराढोरांसकट गायरानात पळायचं. म्हातारी चुलती तर पिठाच्या हातानं वाऱ्याच्याही आधी पोचायची.

पुढं लातुरात क्लास काढून गब्बर झालेले एक सर आले. त्यांना गायरानात निसर्ग पर्यटन करायचं होतं. तंबू, झोके, हुरडा, सगळं. मी गावचा पट्टीचा थापाड्या. ग्रामसभेत उठून म्हणालो, "सर, इथं मोरांची एवढी गर्दी हाय, माणसाला वाट मागावी लागती!" गाव खदखदून हसलं आणि त्याच हसण्यात हात वर झाले.

चुलती तेवढी म्हणाली, "लई बोलायलास बाबा. उद्या जमीन हालली तर कुठं पळावं?"

आम्ही तिलाही हसलो.

महिन्याभरात तारेचं कुंपण आलं. मग एका दुपारी फळीवरची भांडी खणखणली. सगळं गाव धावलं आणि कुलूप घातलेल्या फाटकाला जाऊन थटलं. मागं दगडमातीची घरं, पुढं तार. गुरगुर विरल्यावर मी घराकडं वळलो, तसा चुलतीनं माझा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "गुरं अजून कान टवकारून उभी हायेत."