चिंचेवरचा पिंगळा

दोन दिवस एक टोपीवाला बांधावर उभा राहून दुर्बिणीतून आमच्या चिंचेकडे बघत होता. आमच्या मांजरी गावात तेव्हा ऊस मोडून इमारती उठायला लागल्या होत्या. शेतात अनोळखी माणूस दिसला की तो जमीन हेरायला आलाय, असंच मी धरायची. त्यातून ही चिंच म्हणजे माझ्या आणि धाकट्या दिराच्या वाटणीची खूण. नवरा गेल्यापासून दिराचं एकच चाललं होतं, "वहिनी, झाडावर घुबड बसतंय. अशुभ हाय. तोडून टाकू." घुबड आजचं नव्हतं. झाड गेलं की बांध माझ्या बाजूला सरकणार, एवढं मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"कुणी नाही, मावशी. पिंगळा बघतोय."

"उशीर केलात. तो पहाटेच दान घेऊन गेला."

तो गोंधळला. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याबद्दल मी बोलत होते. याला पक्षी हवा होता, तेच आमचं लहान घुबड. म्हणाला, सातपुड्यात रानपिंगळा असतो. शंभरावर वर्षं कुणाला दिसला नाही, संपला असंच धरलं होतं, मग सापडला. तो भर दिवसा उघड्यावर बसतो, शेपटी झटकतो. इथलाही दिवसा दिसतो असं ऐकून तो आला होता.

"मग हा तोच का?"

"नाही. याच्या डोक्यावर पांढरे ठिपके आहेत, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. हा साधाच पिंगळा. उंदीर, किडे खातो. ढोलीत घरटं असेल, झाड तोडू नका."

गेला. तरी त्याचा मला भरवसा वाटेना.

जाऊ पलीकडे गवत कापत होती, कान इकडे ठेवून. संध्याकाळी आली.

"आक्का, झाड तोडू नका असं पिंगळ्यानं सांगितलं?"

"सांगितलं."

"तोडलं तर काय हुईल?"

"ते नाही सांगितलं."

त्यानं ती जास्तच घाबरली.

सकाळी दीर आला. "वहिनी, पिंगळ्याकडं दुर्बीण कशाला?"

"लांबचं बघतात ते, भावजी."

दीर हसला नाही. पण तोडायला माणसंही आणली नाहीत. चिंच आहे, पिंगळाही आहे. मुळाशी कुणी काही ओतलंय का, ते मात्र मी रोज बघते.