आमची ही, दर रविवारी

माझे काका एका लहानशा वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सातव्या दिवशी त्यांना हसायचं, अशी त्यांची नोकरी होती. हसण्यासाठी त्यांना पान चारच्या कोपऱ्यात एक चौकट मिळालेली. नाव 'चिमटा'. वर जगातली एखादी अजब बातमी, मध्ये एखाद्या यंत्राची कटकट आणि तळाशी पाच ओळी 'आमची ही'. लोक ही चौकट खालून वर वाचत.

'आमची ही' जन्माला आली ती मजकूर कमी पडला म्हणून. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आठवड्यात काकांनी एका चोराबद्दल लिहिलं होतं, ज्याने चोरी केलेल्या घरातलं दूध प्यायलं आणि ते नासकं निघालं म्हणून वर तक्रार नोंदवली. चोर संपला, तरी चौकटीत पाच ओळींची जागा उरली. काकांनी मान वर करून पाहिलं. समोर काकू मिक्सरची मोटर उघडून बसली होती. काकांनी लिहिलं: 'आमच्या हिला टीव्ही बंद करायचा होता. रिमोट चालेना. हिने तो कढईत घालून परतला. विचारलं तर म्हणाली, थंडीने आखडला असेल.'

चार वाचकांची पत्रं आली. संपादक म्हणाले, "चोर नसला तरी चालेल. बाई कायम ठेवा."

काकू रविवारी ते वाचून उभीच राहिली. "मी? रिमोट? कढईत?"

"अगं, तुझं नाव कुठे लिहिलंय? नाव नाही, तर घाव नाही."

"मग तुमच्या बायका तरी किती आहेत?" काकू म्हणाली आणि मिक्सर लावून दाखवला. तो पुढे अकरा वर्षं चालला.

इथे सांगायला हवं, की काकू घड्याळं दुरुस्त करत असे. जिन्याखाली तिचं एक टेबल होतं, त्यावर काच, काचेखाली सुटे काटे आणि डोळ्याला लावायचं भिंग. धान्याच्या कणाएवढा स्क्रू ती चिमट्याने उचले, तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. काकांच्या सदराचं नाव त्या चिमट्यावरूनच पडलं होतं. घेताना त्यांनी विचारलं नव्हतं.

पुढे दर रविवारी 'आमची ही' काहीतरी करत गेली. तिने इस्त्रीला कानाशी धरून 'हॅलो' म्हटलं. तिने लिफ्टला आधी तुम्ही जा म्हणून वाट करून दिली. तिने संगणकाचा उंदीर पाहून मांजर पाळायचं ठरवलं. यातलं एकही खरं नव्हतं. गिऱ्हाईकं मात्र टेबलाशी येऊन दात काढू लागली. "काय काकू, घड्याळ दुरुस्त करणार का परतणार?" काकू हसण्यावारी न्यायची. पण हसता हसता लोक घड्याळ पुन्हा खिशात घालत आणि तीन गल्ल्या पलीकडे घेऊन जात. जिला रिमोट कळत नाही, तिच्या हाती बापाची आठवण कोण देईल? सहा वर्षांत टेबल बंद झालं. काकांनी त्यावरही पाच ओळी लिहिल्या. 'आमच्या हिने दुकान बंद केलं. म्हणाली, लोकांचा वेळ वाया जातो.' फार गाजल्या त्या.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं दर शनिवारी दुपारी काकांचा मजकूर टाइप करून देत असे. त्यांची एक पद्धत होती. मी टाइप करताना ते समोर बसत आणि मी जिथे हसेन, तिथे कागदाच्या समासात पेन्सिलीने एक टिंब देत. तीन टिंबं झाली की मजकूर पास. नाही झाली तर तिथेच बसून पुन्हा लिहीत. सगळे कागद तारीख टाकून एका फायलीत लावत. काकू आतून चहा आणायची आणि कप ठेवताना म्हणायची, "काय केलं आज मी?"

आम्हाला हा घरगुती विनोद वाटे. ती विचारायची आणि आम्ही सांगायचो नाही. रविवारीच वाच म्हणायचो.

मग केव्हातरी काकांना रचायची गरज उरली नाही.

कधी, ते आम्हाला कळलं नाही. काकांना मजकूर शोधावा लागेनासा झाला, एवढं मला आठवतं. ते शनिवारी खुशीत असत. "ऐक, आज खरी गंमत आहे." काकूने मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला आणि डबा वाजायला लागला, तेव्हा ती दार उघडायला गेली. टिंब. तिने चहात साखरेऐवजी कपडे धुण्याची पावडर घातली आणि फेस पाहून म्हणाली, दूध चांगलं आहे आज. टिंब, टिंब. एटीएमसमोर ती इतका वेळ उभी राहिली, की मागच्या माणसाने विचारलं, बाई, आत कुणी आहे का? टिंब.

रविवारी काकू ते वाचायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "किती खोटं लिहिता हो! मी कधी केलं असं?"

काका म्हणायचे, "बरं बाई, नाही केलंस."

ती निश्चिंत व्हायची. तिला आठवत नव्हतं. पण तिच्याबद्दल खोटंच छापून येतं, हे तिला सतरा-अठरा वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. काका निश्चिंत होते, कारण ती वेंधळी असते हे तेच इतकी वर्षं लिहीत आले होते. माणूस स्वतःचं लिहिलेलं फार लवकर खरं मानतो. आणि मी निश्चिंत होते, कारण मी टाइप करत होते.

एकदाच मी थांबले होते. काकूने घरातलं भिंतीवरचं घड्याळ साफ करायला उघडलं आणि पुन्हा बसवल्यावर ते उलटं फिरू लागलं. सेलच्या घड्याळात आत एक लोखंडी पट्टी असते, ती पालथी बसली की काटे मागे जातात. हे मला काकूनेच, मी दहा वर्षांची असताना, शिकवलं होतं. "नवशिके करतात ही चूक," ती म्हणाली होती. काकांचा मजकूर होता: 'आमच्या हिने वेळ उलटी फिरवली. आता मी रोज एक दिवस तरुण होतोय, ही मात्र होती तेवढीच.' मी टाइप करताना म्हटलं, "काका, काकू हे कसं करेल?"

"केलं ना! ते बघ भिंतीवर."

मी पाहिलं. सेकंदकाटा बाराकडून अकराकडे टुकटुक चालला होता. खरंच गमतीदार दिसत होता. मी हसले. काकांनी टिंब दिलं.

तो मजकूर लोकांनी एकमेकांना इतका पाठवला, की फिरत फिरत तो काकूच्याच फोनवर आला, खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिने मला दाखवला. "बघ गं, कुणाची तरी बायको. आमच्यासारखंच घड्याळ."

मला वाटलं, ती टोमणा मारते आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी कोपऱ्यावरचा औषधवाला तिला हाताला धरून घरी घेऊन आला. ती त्याच्या दुकानासमोर अर्धा तास उभी होती आणि जिना कुठला ते विचारत होती. आमचाच जिना. ज्याच्याखाली तिने चौदा वर्षं काम केलं तो. औषधवाला दारातूनच ओरडला, "काका, रविवारचा मजकूर आणलाय!"

काका हसले. मग त्यांनी काकूकडे पाहिलं. ती औषधवाल्याला म्हणत होती, "या ना, बसा. हे येतीलच एवढ्यात."

डॉक्टर एक शांत, सावकाश बोलणारी बाई होती. तपासण्या झाल्या. आजाराचं नाव तिने एकदाच घेतलं आणि कागद पुढे ओढला. "एक औषध आहे. बरं करत नाही, पण उतरण लांबवतं. मात्र ते सुरुवातीलाच द्यावं लागतं. दोन वर्षं उलटून गेली असतील, तर तेच औषध मेंदूला इजा करतं. तेव्हा मला अंदाज नको, तारीख हवी. पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"सात-आठ महिने," काका म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

फाइल माझ्या पिशवीत होती. का घेतली होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी ती टेबलावर ठेवली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या अंगावरचा सदरा ओढला.

डॉक्टरीणबाईंनी वरचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, 'चिमटा'वाले तुम्ही? आमच्याकडे सासूबाई खालून वर वाचतात!" त्यांनी पुढचा कागद उलटला, त्यावर त्या चक्क हसल्या. पावडरच्या चहावर. मग त्यांनी तारीख पाहिली, हसू आवरलं आणि पेन उघडलं. "यातलं खरं किती?"

"काहीच नाही," काकू म्हणाली. ती तोवर खिडकीबाहेर पाहत होती. "सगळं रचतात हे. पहिल्यापासून. मला विचारा ना."

"हो. रचलेलंच आहे," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या कागदावर पेन टेकवलं. लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा."

त्यांनी फाइल स्वतःकडे ओढली. मुद्रितं तपासायचे तसं बोट ओळीवर ठेवलं. "पिठाचा डबा. हे खरं."

"मी?" काकू म्हणाली. "नाही हो. मी कशाला ठेवेन?"

"ठेवलास तू. मी काढला डब्यातून." पान उलटलं. "एटीएम. खरं. पावडर. खरं."

"अहो, काय बोलताय? तुम्हीच म्हणाला होतात ना, बरं बाई, नाही केलंस म्हणून!"

"म्हणालो होतो."

"मग?"

काका पुढचं पान काढत राहिले. दोन वर्षं मागे गेली. मग अडीच. डॉक्टरीणबाईंनी औषधाचा कागद घडी करून बाजूला ठेवला, आवाज न करता. काकांना ते दिसलं, तरी बोट थांबलं नाही. "घड्याळ. हेही खरं."

"कुठलं घड्याळ?"

"उलटं फिरणारं. भिंतीवरचं."

बाकी सगळं काकूने नाकारलं होतं, हे मात्र ती मनात उघडून पाहत असावी. तिची बोटं मांडीवर जराशी हलली, जशी पट्टी बसवताना हलत. "ती पट्टी पालथी बसवली असेल," ती हळूच म्हणाली. "नवशिकी असेल कुणी."

"तारीख?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीन वर्षं आणि दोन महिने," काका म्हणाले. "त्याच्या मागचं सगळं मी रचलेलं. रिमोट, इस्त्री, लिफ्ट. ही तेव्हा शहाणी होती."

"आणि ही समासातली टिंबं कसली?"

काकांनी माझं नाव सांगितलं नाही. मीच म्हटलं, "मी हसले होते."

काकू आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. तिला काय समजलं, काय नाही, देव जाणे. पण जिन्यावरून उतरताना तिने काकांचा हात धरला नाही. म्हणाली, "शहाणी होते तेव्हा वेडी छापलीत. आता वेडी झाले, तर आता काय छापणार?"

आमच्या घरातलं सगळ्यात धारदार वाक्य ते, आणि काकांनी ते लिहिलेलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत ती ते विसरलीही.

औषध मिळालं नाही. सदर बंद झालं. संपादकांनी दोन फोन केले, वाचक विचारतात म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांनी जुनेच मजकूर पुन्हा छापायला घेतले. त्याला काकांची हरकत चालण्यासारखी नव्हती. नाव नव्हतं ना कुणाचं त्यात.

म्हणजे 'आमची ही' अजून दर रविवारी येते. मी हल्ली रविवारी त्यांच्याकडे जाते. काका काकूला आंघोळ घालतात, केस विंचरतात, खुर्चीत बसवतात. मग ती वर्तमानपत्र मागते. वाचता येत नाही आता, म्हणून काकांना वाचावं लागतं. टाळून पाहिलं त्यांनी. पण तिला एवढं कळतं, की रविवार आहे आणि कोपऱ्यात काहीतरी असतं. पान चार, म्हणते. खालचं.

परवा रिमोटचा मजकूर आला. तो पहिला. काकांनी खालमानेने वाचला, थंडीने आखडला असेल, इथपर्यंत. काकू हसू लागली. खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो. बावीस वर्षांत ती या चौकटीला कधी हसली नव्हती, आणि मला माहीत आहे, काकांनी दर रविवारी चोरून तिच्या तोंडाकडे पाहिलेलं आहे.

"अगंबाई, कढईत!" तिने काकांच्या गुडघ्यावर हात मारला. "कोण हो ही बाई?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवर पुन्हा एक घडी घातली.

"आहे एक," ते म्हणाले. "मी नाव लिहीत नसतो."