प्रयागबाईंचा वाटा

माझी भावजय हर्षाली निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. लग्न होऊन आमच्या घरात आली त्याला नऊ-दहा वर्षं झाली, मी तरी पाहिलेली नाही. जेवायला बसली तरी एक गुडघा वर, कधीही उठायच्या तयारीत. बोलताना हात चालू, ऐकताना पाय चालू. माझी आई गेली तेव्हा माणसांनी घर भरलेलं, सगळे डोळे पुसतायत आणि ही बाई स्वयंपाकघरात डबे पुसतीय. मी चिडून म्हटलं, "अगं, टेक की जरा." तर म्हणाली, "टेकते ना ताई, येवढं झालं की." ते एवढं कधी होतच नाही.

मी नारायणगावला असते. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे, मुलं शिकून बाहेर पडली, आता दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि टीव्ही. माझा धाकटा भाऊ सुदर्शन, म्हणजे हर्षालीचा नवरा, चाकणला कंपनीत आहे. दुपारची शिफ्ट असली की कंपनीची बस त्याला मध्यरात्रीनंतर आणून सोडते. आमचं घर पिंपरी पेंढारच्या शिवारात, रस्त्यापासून बरंच आत. वस्ती म्हणायची, पण घरं दोनच. एक आमचं आणि उसाच्या पट्ट्यापलीकडे प्रयागबाईंचं. मध्ये पायवाट, दोन्ही बाजूंना ऊस.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. ऊस उंच झाला की वाघ उसात, ऊस तुटला की वाघ कुठंही. गेल्या साली प्रयागबाईंच्या गोठ्यातलं वासरू नेलं, तेव्हापासून दिवस मावळून कडूसं पडायच्या आत पोरं घरात आणि दाराला कडी. बोलायला सोपं आहे. सात वर्षांची पोरगी आणि तीन वर्षांचा पोरगा रोज संध्याकाळपासून बंद घरात ठेवून बघा, म्हणजे कळेल. पोरगी श्रेया. पोराचं नाव माझ्या वडिलांवरून गोरख ठेवलं, पण सासऱ्याचं नाव घेऊन पोराला हाका कशा मारायच्या, म्हणून हर्षाली त्याला दादू म्हणायला लागली आणि मग सगळ्यांचाच तो दादू झाला.

पहिले काही महिने तिनं पोरांच्या हातात मोबाइल दिला. दादू मोबाइलशिवाय तोंडच उघडेना. पुडीतली बिस्किटं सोडून काही गिळेना. श्रेया कोपऱ्यात बसून डोळे चोळायची. मग एक दिवस हर्षालीनं मोबाइल कपाटावर टाकला, मोठं जर्मनचं पातेलं काढलं, ओढ्याची वाळू धुऊन, वाळवून त्यात पसरली, वर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि गॅसवर चढवलं. झाली भट्टी. घरच्या गव्हाचे पाव, घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या नाचणीची गूळ घालून बिस्किटं, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा केक. कणीक तिंबायची पोरांनी, आकार द्यायचे पोरांनी. श्रेया कणकेच्या वेण्या घालायची. दादू फक्त जेसीबी करायचा. सगळे जेसीबी भाजून निघाले की एकसारखे गोळे दिसायचे, पण त्याला प्रत्येकाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं ते ठाऊक असायचं, आणि स्वतः केलेला जेसीबी तो तोंडापासून शेपटापर्यंत खायचा.

मी आधी हसले. मला हसायला काय लागतं? म्हटलं, "चांगली भाकरी येते ना तुला, मग हे पाववाल्याचे उद्योग कशाला?"

"भाकरी मी करते, ताई," ती पातेल्याखालची आच कमी करत म्हणाली. "पाव ती करत्यात. तेवढाच टाइम दाराकडं बगत न्हाईत."

खरं सांगायचं तर मला हसू येत होतं त्यापेक्षा राग जास्त येत होता. वर्षभर मी तिच्या मागे लागले होते, की श्रेयाला माझ्याकडे दे. नारायणगावला शाळा जवळ, रस्त्यावर रात्रभर दिवे, घर दुसऱ्या मजल्यावर. पोरगी मोकळी खेळेल, तुझाही भार हलका होईल. माझं घर रिकामं आहे हे काही मी बोलत नव्हते, पण तिला कळत असणार. दर वेळी तिचं उत्तर ठरलेलं. "दोन पोरं सांबाळता येत न्हाईत का मला? दोनी माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हातील." एकदा तर म्हणाली, "तुमची माया कळती मला ताई, पण पोरगी मागू नका." मी बॅग उचलून एसटी धरली.

तिच्या माहेरची एक शिस्त होती. चुलीवरून काहीही नवं उतरलं की आधी शेजारी वानवळा जायचा, मग घरातल्यांनी तोंड लावायचं. इथं शेजारी म्हणजे प्रयागबाई. म्हातारीच्या तोंडात दात नाहीत, त्यामुळे दुधात बुडवून खायला तिला पाव फार आवडायचा. पहिला घाणा चार वाजेपर्यंत उतरायचा, उन्हं असतानाच हर्षाली एक पोर काखेत आणि एक हाताला धरून पट्टा ओलांडायची, प्रयागबाईंच्या हातात पाव द्यायची आणि तशीच माघारी येऊन कडी लावायची, पुढचे घाणे मग कडीच्या आत. पोरांनी वाटेत कुरबुर केली की तिचं एकच वाक्य, "आदी आजीचा वाटा, मग आपला." ते वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की तोंडातून आपोआप निघायचं.

त्या दिवशी थंडी होती. कणीक फुगेचना. हर्षालीनं परात उन्हात ठेवली, मग चुलीपाशी ठेवली, मग गोधडीत गुंडाळली. त्यात दुपारी मोटारीची लाइट आली म्हणून ती उसाला पाणी द्यायला गेली, तिथून येईतो पाच वाजले, आणि पहिले पाव उतरले तेव्हा बाहेर कडूसं पडलं होतं. सुदर्शन चाकणला. दादू सकाळपासून कमी जेवलेला, पावाच्या वासानं त्यानं भोकाड पसरलं. हर्षाली दुसरा घाणा पातेल्यात सोडत होती, तोंडावर वाफ, पाठ पोरांकडे. दादूनं पावाला हात घातला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आदी आजीचा वाटा, मग आपला."

ती म्हणते, मला म्हणायचं व्हतं की आज देवाम्होरं ठेवू आन खाऊ. पण ते म्हणायचं राहून गेलं, कारण मागं शेळ्या ओरडायला लागल्या. त्या अजून आत घेतलेल्या नव्हत्या. दाराला कडी आहे हे बघून ती मागच्या दारानं गोठ्यात गेली.

श्रेयाचा हात आता कडीला पोचतो, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

पुढचं मला श्रेयानं सांगितलं. दादू लई रडत होता, म्हणाली. आजीला वाटा दिला की त्याला खाता येईल, म्हणून तिनं दोन पाव स्टीलच्या डब्यात घातले आणि निघाली. शाळेत त्यांना शिकवलंय, अंधार पडल्यावर एकटं जाऊ नये आणि जायचंच झालं तर आवाज करत जावं. पोरीनं त्यातलं अर्धं पाळलं. डब्यावर चमचा वाजवत वाजवत ती उसातल्या पायवाटेनं गेली.

तो आवाज हर्षालीनं गोठ्यात ऐकला. आधी तिला कळेना, ह्या वेळी उसात कोण डबा वाजवतंय. मग आवाज ओळखीचा वाटला, आपल्याच घरातल्या डब्याचा. आणि तेवढ्यात तो थांबला.

ती कशी पळाली ते तिलाही सांगता येत नाही. हातात काठी नाही, बॅटरी नाही, पायात चप्पल नाही. उसाची पानं तोंडावर बसत होती आणि ती श्रेयाच्या नावानं ओरडत होती. प्रयागबाईंचं दार बंद होतं. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. म्हातारीनं दार उघडलं तर श्रेया तिच्या मागं उभी, हातात रिकामा डबा. पोरगी पोचली म्हणून आवाज थांबला होता, एवढंच. प्रयागबाईंनी तिला आत ओढून घेऊन दार लावलं होतं. फोन म्हातारीच्या लेकाकडं आणि लेक गावात, त्यामुळे कळवायचं कसं ते तिला सुचत नव्हतं.

हर्षालीनं पोरीला एक थोबाडीत दिली आणि लगेच छातीशी धरली. "जीव घेशील माजा," एवढंच म्हणत राहिली. प्रयागबाई म्हणाली, "मारू नको गं तिला, वाघ न्हाई काय न्हाई, देवानं राखलं." थोड्या वेळानं श्रेयानं पदरातून तोंड बाहेर काढलं आणि विचारलं, "मम्मी, दादू कुठाय?"

प्रयागबाई सांगते, हर्षालीचं तोंड बघवेना. पोरीला तिनं म्हातारीच्या अंगावर ढकललं, "कडी लावा" म्हणाली आणि पुन्हा त्याच वाटेनं सुटली.

घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. आत गॅसवर पातेलं धुरत होतं, पाव कोळसा झाले होते. दादू आत नव्हता. तो बाहेर ओट्याच्या पायरीवर बसला होता, अंधारात, उसाकडं तोंड करून. रडायचा थांबला होता. "दीदी आली?" त्यानं विचारलं.

वाघ त्या दिवशी आला नाही. कुणाच्या अंगाला ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंचा लेक मला म्हणाला, "झालं काय राव येवढं? समदी सुखरूप हायत की." हे खरं आहे, आणि एवढंच असतं तर मी हे सांगायला बसले नसते. पण सकाळी हर्षालीचा फोन आला, "ताई, या," एवढंच म्हणून ठेवला, आणि मी पहिल्या एसटीनं गेले तर ओट्यावर श्रेयाची बॅग भरून ठेवलेली होती. कपडे, दप्तर, डोक्याचं तेल, सगळं.

आणि हर्षाली बसली होती. उंबऱ्यावर, दोन्ही पाय खाली सोडून.

सुदर्शन आत दादूला घेऊन बसला होता, मान खाली. मी म्हटलं, "अगं, झालं ते झालं. पोरगी अशी तडकाफडकी का पाठवतेस? मी काय, मागायची म्हणून मागत होते." आता असं म्हणायला लागले याचं मलाच नवल वाटलं. वर्षभर जे हवं होतं ते ओट्यावर भरून ठेवलं होतं आणि मला ते उचलवत नव्हतं.

"वाघाचं न्हाई, ताई," ती म्हणाली. "वाघाला मी भीत न्हाई. मी इथनं पळाले, तिकडं पोचले, दार वाजवलं, पोरीला मारलं, पोटाशी घेतलं. त्या समद्या येळात मला दादू हाय ह्येच ध्यानात नव्हतं. दार उघडं ठिवलं, गॅस पेटता ठिवला, त्ये न्हाई म्हणत मी. त्यो हाय, ह्येच माझ्या मनात नव्हतं. तेवडा येळ मला येकच पोर व्हतं. पोरीनं इचारलं म्हणून कळलं."

मी तिचा हात धरला.

"मला वाटायचं दोघं डोळ्यांम्होरं हायत म्हंजे दोघं माझ्यापाशी हायत," ती म्हणाली. "न्हाई पुरत मी दोघांना. तुमी न्या तिला."

कुठल्या बाईचं असं होत नाही, असं म्हणणार होते. माझं कधी झालं नव्हतं. माझी पोरं वाढली तेव्हा सासू होती, जाऊ होती, समोर रस्ता होता. मी सुदर्शनकडे बघून दोन शब्द सुनावले, की बाबा रे, शिफ्ट बदलून घे, नाहीतर नोकरी बदल. तो हो म्हणाला. अजून प्रयत्नच चालू आहेत.

श्रेया आता माझ्याकडे असते. पहिले चार दिवस रडली, मग शाळेत एक मैत्रीण झाली, मग संध्याकाळी खाली अंगणात खेळायला लागली. शनिवारी सकाळी मी तिला वस्तीवर घेऊन जाते. पातेलं आता शनिवारीच चढतं, तेही सकाळी. हर्षाली पुन्हा पहिल्यासारखी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते, पण दादूला कडेवरून खाली ठेवत नाही. तो मोठा झालाय, पाय लोंबतात त्याचे, मला बघून हसू येतं आणि मग येत नाही.

रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो.

"ताई, श्रेया कुठाय?"

"आत आहे. अभ्यास करतीय."

"दिसती का तुमाला?"

"अगं, आतल्या खोलीतच आहे."

"हात लावून सांगा."

पहिल्या दिवशी मी खुर्चीतूनच म्हटलं, "लावला." ती म्हणाली, "न्हाई लावला. तुमची खुर्ची वाजली न्हाई."

तेव्हापासून मी उठते. गुडघे दुखतात, डाळीला फोडणी द्यायची असते, टीव्हीवर काहीतरी चाललेलं असतं, तरी उठते. आतल्या खोलीत पोरगी वहीत खाली मान घालून लिहीत असते. माझी चाहूल लागली की लिहिता लिहिताच डोकं माझ्याकडे पुढं करते. मी त्यावर हात ठेवते, आणि मग सांगते, "लावला."