सतरा नंबरची चादर

बाई गं, तुझी चूक एवढीच की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. पत्र उशिरा लिहितेय, आणि गोड लिहिणार नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

निर्वासित मुलांच्या त्या वसतिगृहात तू कपडे धुवायचीस. मी निवृत्त शिक्षिका, हातात तक्ता घेऊन आलेली. मुलांनी लहानपणी काय सोसलं ते मोजायचं होतं. दहा प्रश्न, प्रत्येक ‘हो’ला एक गुण. ज्याचे गुण जास्त, त्याला समुपदेशक आधी. मुलं ताकास तूर लागू देईनात. घरात कुणी मारायचं? नाही. डोळ्यांदेखत कुणी मेलं? नाही. चाळीस मुलांचे मिळून गुण सहा! लढाईतून कसली, जणू आजोळची सुट्टी संपवून आली होती.

तू दाराशी टोपली घेऊन हसलीस. “मास्तरीणबाई, कागदाला कोण सांगतं? चादरी सांगतात.”

मग तीन आठवडे मी तुझ्याबरोबर चादरींच्या घड्या घातल्या. “ताणून धरा की, पदवी घेतलीत ना?” म्हणायचीस. सोड्यानं भेगाळलेली तुझी बोटं माझ्यापेक्षा दुप्पट चालायची. आधी रुग्णालयाच्या धुलाईत सोळा वर्षं. नवरा मीठ आणायला म्हणून गेला तो गेलाच. लेकीला एकटीनं शिकवलंस. आणि त्याही आधी, आई गेल्यावर, काकूचं घर. अकरा वर्षांची होईस्तोवर तुझं अंथरूण ओलं व्हायचं. काकू ती चादर तुझ्या खांद्यावर टाकून तुला दारात उभं करायची, शाळेत जाणारी पोरं बघून जाईपर्यंत.

म्हणून वसतिगृहात तू एक रीत पाडलीस. ज्याची चादर ओली, त्यानं कोपऱ्याला गाठ मारून टोपलीच्या तळाशी टाकायची. नाश्त्याआधी तू कोरडी घालून येणार. चादरीवर लाल दोऱ्यानं खाटेचा क्रमांक, त्यामुळे कोण ते तुला कळायचंच. पुढे तीच मुलं तुझ्या स्टुलावर बसून सगळं सांगायची.

“कोण कोण?” मी विचारलं.

“छे! पोटात ठेवायची गोष्ट आहे ती.”

“नावं नकोत, फक्त क्रमांक. पाकीट बंद राहील. समुपदेशिकेशिवाय कुणी उघडणार नाही.”

वसतिगृहाच्या संचालिकाबाईंनी मला तसा शब्द दिला होता. पण तुला शब्द दिला तो मी. तू पाठ वळवून अकरा क्रमांक सांगितलेस. पाकीट बंद करून मी ते संचालिकाबाईंच्या हाती दिलं.

आठवड्याभरात अकरा खाटांवर प्लॅस्टिक अंथरलं गेलं. जेवणघराच्या फलकावर यादी लागली: या खाटांची तपासणी रोज सकाळी सात वाजता. मी भांडायला गेले तर संचालिकाबाई म्हणतात, “अहो, गाद्या नव्याकोऱ्या आहेत!” समुपदेशिका काही आली नाही.

तुझ्या टोपलीत गाठीची चादर पुन्हा पडली नाही. मुलं ओल्या चादरी गादीखाली कोंबू लागली. सतरा नंबरची मुलगी रोज तुझ्याकडून वेणी घालून घ्यायची. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तू सांगितलंस.”

तू माझ्याकडे आलीस. वाटलं, शिव्या घालशील.

“केसानं गळा कापलात,” म्हणालीस, तेही हळू. “मी सांगितलं, ते पाप माझं. पण फलकावर लावायला नव्हतं सांगितलं. सतराच्या पोरीला एवढं जाऊन सांगा. माझं ती ऐकायची नाही, तुमचं ऐकेल.”

“उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी मी तक्रारीचं पत्र लिहीत बसले. चार पानी, शुद्धलेखन तपासून. तिसऱ्या दिवशी मुलींना दुसरीकडे हलवलं. त्याच महिन्यात तू काम सोडलंस.

मुलींना हलवलं त्या दिवशी बस फाटकाशी दहा मिनिटं उभी होती. सतराची पोर मागच्या खिडकीत होती, वेणी न घातलेली. मी वरच्या मजल्यावरून पाहत होते. जिना उतरवला नाही, गुडघे दुखत होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते.