पावणे बैल पाहून गेले

आमच्या घरी एक पिक्चर आहे. म्हणजे आमचा नाही, टीव्हीवाल्यांचा आहे, पण इतक्या खेपा पाहेल आहे का आता घरचाच वाटते. त्याचं खरं नाव काही असो, आमी त्याले बैलवाला पिक्चर म्हणतो. शेलूबाजारात कोणाच्या दारासमोरून जाताना 'बैलवाला लागला' असं आयकू आलं, का जाणारा चप्पल काढून आत येते अन् जागा पाहून बसते. काम काय होतं ते मंग पिक्चर संपल्यावर आठवते.

ष्टोरी साधी आहे. गावचा सावकार हिरोच्या बापाले मारते. हे हिरोच्या बैलाशिवाय कोणीच पाहेल नसते. शेवटी बैल कोर्टात येते, सावकाराले ओळखते, अन् जजसाहेब त्याची साक्ष मान्य करते. बस. टीव्हीवाले दर दोन-चार महिन्यांनी रविवारी हा लावतात अन् आमी दरवेळी पाहतो.

पाहाची एक रीत आहे. पिक्चरमधी ज्याची-त्याची जागा ठरेल आहे, अन् ती जागा आली का ज्यानं-त्यानं आपलं वाक्य म्हणलंच पायजे. इंटरवलनंतर बाबा म्हणतात, "बैल बदलला. पयल्याचं डावं शिंग वाकडं होतं." हिरोची माय खाटेवर पडली का आमची माय म्हणते, "आता पानी पेते अन् मरते." ते पानी पेते अन् मरते. माह्याकडं सावकार आहे. त्याले सोन्याचा दात आहे, म्हणून मी बिस्किटाच्या पुड्याचा चकाकता कागद दाताले लावतो अन् त्याच्यासंगच बोलतो, "मैं गिनता नहीं, तौलता हूँ!" आवाज असा जमते का शेजारची काकू एकदा इचारत आली, "आवाज दोन दोन काहून येऊन राह्यले?"

ताईचं वाक्य चावीचं. पिक्चरची हिरोईन शाळेत मास्तरीण असते. लगीन ठरलं का ती शाळेची चावी हेडमास्तरच्या टेबलावर ठेवते, मांगून सनईची पी पी वाजते, अन् लोक रडतात. ताई रडत नाही. ती कुठंबी असो, मोरीत कपडे धूत असो नाहीतर गच्चीवर तुरीची दाळ वाळू घालत असो, तिथून वरडते, "ठेव वं ते चावी आपल्याजवळ! कायले देऊन राह्यली?"

आता ताईचं सांगतो. ताई कारंज्याले एका लॅबमधी रक्त तपासते. सकाळी जीपनं जाते, संध्याकाळी येते. सुई अशी टोचते का पेशंट इचारते, "झालं?" मांगच्या वर्षी एक सोयरीक आली होती. सगळं जुळलं, अन् मंग त्यायनं निरोप धाडला का पोरीनं नोकरी सोडावी, घरी कमी काय आहे. ताईनं नाही म्हटलं. चार लोकं चार गोष्टी बोलले. म्हणून मानोऱ्याची सोयरीक आली तवा ताईनं मायले आधीच सांगतलं, "पोहे देईन, चाय देईन, पदर बी घेईन. पण नोकरीचं मी सोता इचारीन. त्याले, एकट्याले. त्याच्या तोंडून आयकल्याबिगर माहा होकार नाही."

सोयरीक मामानं आणेल होती. मामा कपाळाले हात लावून म्हणे, "पोरीनं आधी इचारलं तं पावणे काय म्हणतीन?" पण शेवटी ठरलं, का चाय झाली का दोघं मांगच्या आंगणात पाच मिनिट बोलतीन. ते पाच मिनिट ताईसाठी सगळ्यात मोठे. बाकी पोहे-बिहे आमच्यासाठी.

रविवार आला. बाराले येणार होते पावणे, मानोऱ्याची एष्टी लवकर निघाली म्हणून साडेअकरालेच आले. पोरगा, त्याची माय अन् त्याचा बाप. पोरगा तिकडं शाळेत क्लार्क. घरात टीव्ही चालू. अन् टीव्हीवर काय? बैलवाला. नुकताच सुरू झालेला.

मायनं मले डोळ्यानं खुणावलं. मी बंद कराले उठलो तं रिमोट सापडेना, म्हणून टीव्हीवरचं बटन दाबून नुसता आवाज बंद केला. पावणे बसले. मामानं सुरुवात केली, "मंग, पाऊसपानी काय म्हणते तुमच्याकडं?"

पोराचा बाप मामाले म्हणे, "बरं हाये," पण डोळे टीव्हीवर. टीव्हीवर बैल नांगर ओढून राह्यला होता.

"हा तो कोर्टवाला का?" पोराच्या बापानं इचारलं.

"हाव," बाबा म्हणे. "तोच."

"मंग आवाज काहून बंद केला? लावा ना गा. आमी काय परके हाओ?"

लावला.

तिथून पुढं मामाच्या हाती काही राह्यलं नाही. मामानं एकदा इचारलं, "पोराची बदली होते का?" तं पोराची माय म्हणे, "थांबा न भाऊ, आता बाप मरते." पोह्याच्या पलेटा आल्या, कोणी खाली पाहून घास घेतला नाही. इंटरवलनंतर बाबा सवयीनं बोलले, "बैल बदलला."

पोराचा बाप खुर्चीत सरळ झाला. "बदलला तं खरं. पण तुमी शिंग पाहून राह्यले असान. शिंग रंगवता येते. पाठीवरचं वशिंड पाहा."

"वशिंड!" बाबा म्हणे. "अरे बापा, हे तं मी पाहेलच नोतं."

दोघंबी टीव्हीच्या जवळ सरकले. इतक्या वर्षांत बाबाच्या बैलाले कोणी उत्तर दिलं नोतं. आमी सगळे नुसते 'हाव हाव' करत होतो. त्या दिवशी बाबाले जोडीदार भेटला. मी बी कागद लावून सावकार केला, पोराची माय हासून हासून पदर तोंडाले लावून म्हणे, "हा पोट्टा तं डिक्टो करते वं!" मी फुगलो. मामा माह्याकडं असा पाहे, का मलेच एष्टीत टाकून कुठंतरी धाडतीन.

अन् ताई चायचा ट्रे घेऊन आली ते नेमकी चावीच्या सीनवर.

हिरोईननं चावी टेबलावर ठेवाले हात पुढं केला. मांगून पी पी. पोराच्या मायचे डोळे भरले. ताई दारात, डोक्यावर पदर, हातात ट्रे, मान खाली. अन् खालच्या मानेनंच तिच्या तोंडून निघालं, घरच्याच आवाजात, "ठेव वं ते चावी आपल्याजवळ! कायले देऊन राह्यली?"

कप वाजले. माय जागच्या जागी बसली. मामाले ठसका लागला. पोराच्या मायनं टीव्हीवरून नजर न काढता ताईले हात केला, "श्शू, रडाचा सीन हाये." पोरानं मात्र टीव्ही सोडला अन् ताईकडं पाहिलं. नीट पाहिलं. ताईनं त्याच्या हातात कप दिला अन् आत निघून गेली.

कोर्टात बैल आला, सावकाराले ओळखलं, सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, अन् पोराच्या बापानं घड्याळ पाहिलं. "अवं उठा उठा, एष्टी जाते!" चपला, पिशव्या, 'येतो बरं', 'या बरं', अन् पावणे फाट्याकडं पळत सुटले. बाबा त्यायच्या मांगं वशिंडाचं काही सांगत गेले.

माय पलेटा उचलता उचलता म्हणे, "अवं, त्यायनं पोरीले नाव बी नाही इचारलं."

खरंच नोतं इचारलं. शिक्षण नाही, सैपाक नाही, काहीच नाही. मांगच्या आंगणात टाकेल दोन खुर्च्या तशाच होत्या.

"पोरगी पाहाले आले अन् बैल पाहून गेले," मामा म्हणे. "भाऊजी, तुमाले तरी समजाले पायजे होतं."

"सुरुवात त्यायनंच केली," बाबा म्हणे.

ताईनं आंगणातल्या खुर्च्या आत आणल्या. मी तिले हासवाले मामाच्या ठसक्याची नक्कल केली, ते हासली नाही. म्हणे, "तुले समजते का? मांगच्या खेपेले निरोप आला. ह्या खेपेले बी निरोपच येते, का नोकरी सोड." दुसऱ्या दिवशी जीपनं कामावर गेली.

बुधवारी संध्याकाळी फोन आला. बाबानं स्पीकरवर टाकला. पोराचा बाप लाजून बोलत होता, "जमलं नाही बावा त्या दिवशी. घरी आलो अन् बुढी म्हणे, पोरीले काहीच इचारलं नाही. इचाराचं तं राहूनच गेलं. परत येऊ का?"

बाबा 'या' म्हणणार, तवर ताईनं फोन घेतला. मामा असता तं तिथंच आडवा झाला असता. ताई म्हणे, "काका, तुमी या, पण आधी मले काही इचाराचं हाये. तुमच्या पोराले फोन देता का?"

तिकडं खुसुरफुसुर झाली. मंग पोराचा आवाज आला. बारीक. "बोला."

"माही नोकरी—"

"मानोऱ्याहून कारंज्याले सकाळी सातची एष्टी हाये," पोरगा म्हणे. "मी सोमवारी स्टँडवर इचारून आलो. परतीची सहाची हाये, पण ते उशिरा येते. तवा मी गाडी घेऊन येत जाईन. चालते का?"

ताईनं फोनकडं पाहिलं. मले वाटलं आता रडते. ते म्हणे, "सातची भरून येते का?"

"बसाले जागा भेटते. पाहेल हाये मी."

"मंग चालते," ताई म्हणे, अन् फोन बाबाच्या हातात दिला.

लगीन झालं, आता वर्ष होत आलं. मांगच्या रविवारी बैलवाला लागला. लागल्याबरोबर मानोऱ्याहून जवाईचा फोन, "लागला का तिकडं?" फोन स्पीकरवर, टीव्ही दोन्हीकडं चालू. त्यायच्याकडं आवाज एक सेकंद मांगं येते, म्हणून माहा सावकार दोनदा झाला. ताई घरी नोती, त्या रविवारी लॅबमधी तिची ड्युटी होती. चावीचा सीन आला अन् आमी इकडं सगळे गप. तिचं वाक्य कोण म्हणणार?

फोनमधून तिची सासू वरडली, "ठेव वं ते चावी! कायले देऊन राह्यली?"

माय पदरानं डोळे पुसत होती. बाबानं फोन जवळ ओढला अन् याह्याले, ताईच्या सासऱ्याले, म्हणे, "इंटरवलपासून वशिंडच पाहून राह्यलो. तुमचं बराबर हाये."