तेल पाजलेले बूट

आवडीच्या पायांनी तिला आजवर कधी दगा दिला नव्हता. खालापूरच्या डोंगरातल्या वाडीवरून डोक्यावर मोळी घेऊन ती अनवाणी अशी उतरायची, की मागून येणाऱ्या तरण्या पोरींना धाप लागे. स्वभावही तसाच सरळसोट. पोटात एक आणि ओठात एक हे तिला जन्मात जमलं नाही. त्यापायी भावकीतली निम्मी माणसं तिने दुखावून ठेवली होती.

पण मोळ्या आता कोण घेतं? चहाच्या टपरीवरसुद्धा गॅस आला. शेवटी शेजारच्या नंदाने सुपरवायझरच्या हातापाया पडून तिला आपल्या कंपनीत लावलं. बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि खोक्यांत भरायच्या, काम सोपं होतं. मात्र बूट घातल्याशिवाय आत सोडत नसत. आवडीचे चवडे पसरट आणि मिळालेले बूट पुढून निमुळते, टणक. पहिल्याच दिवशी करंगळ्या सोलवटल्या. तिला लंगडताना पाहून सुपरवायझर म्हणाला, "मावशी, पायात काही दोष आहे का? लंगडी माणसं चालत नाहीत इथे."

आवडीने लंगडणं दाबून पाय सरळ टाकला. हे काम गेलं तर दुसरं कुणी देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाडीत टाचांना भेगा पडल्या की मोहाच्या बियांचं तेल चोळतात. पाय मऊ होतो, तर मग बूट का नाही व्हायचा? तिने बुटांत सढळ हाताने तेल ओतलं, चिंध्या कोंबल्या आणि ते चुलीच्या उबेला ठेवले. बूट खरंच नरमले. दुसऱ्या दिवशी कंपनीत ती इतकी ताठ चालली, की स्वतःवरच खूश झाली.

दुपारी वरचा पत्रा तापला आणि शिवणींतून तेल पाझरू लागलं. लादीवर तिच्यामागे ओशट ठसे उमटत होते, पण मागे वळून बघतंय कोण? खोकं घेऊन येणारी नंदा त्यांवरून घसरली. बाटल्या फुटल्या, नंदाचं मनगट मुरगळलं.

"बघून चालता येत नाही? उद्यापासून यायचं नाही," सुपरवायझर नंदावर खेकसला.

नंदा मान खाली घालून बसली. आवडीने लादी पाहिली, मग आपले बूट पाहिले. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तरी तिला राहवेना.

"तिची चूक नाय, सायेब. माझ्या बुटाचं तेल हाय ते."

"मग तुम्हीही घरी बसा. त्या वाडीच्या बायकाच नकोत मला."

बूट गेटवर काढून घेतले. दोघी चढणीला लागल्या, नंदाचा हात फडक्यात बांधलेला. आपण खरं बोललो, आता नंदा तरी आपल्यावर रागावणार नाही, असं आवडीला वाटत होतं. वाडी दिसू लागली तशी नंदा थांबली.

"माझं तर गेलंच व्हतं," ती म्हणाली. "तू गप ऱ्हायली असतीस, तर वाडीत येकीच्या घरात तरी पगार आला असता गं."