विहाराची वायर आमच्या घरातून

बाबांचं मशीन चालू असलं की घरभर एक घरघर असायची. मशीन म्हणजे गुडघ्याच्या वर येणारी पांढरी पेटी, खाली चाकं, विजेवर चालणारी. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि लांबलचक नळीतून बाबांच्या नाकात सोडायचा, एवढंच तिचं काम. नळी मोरीपर्यंत पुरायची, दरवाज्यापर्यंत पुरायची, उंबऱ्याच्या पलीकडे मात्र नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या वस्तीत कुणाचं लग्न असो, मयत असो, पहिला उभा राहणारा माणूस म्हणजे माझा बाप. शेवटची वर्षं तो त्या नळीच्या टप्प्यात राहिला.

उभी हयात त्यांनी केमिकल कंपनीत काढली. कंपनीने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. छातीचं काय झालंय ते कुणी विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही, तो माणूसच तसला. आई आधीच गेलेली. मी लग्न मोडून परत आलेली. म्हणजे घरात आम्ही दोघं आणि तिसरं ते मशीन, बदलापूरच्या एका माणसाकडून भाड्याने आणलेलं. लाइट गेली की ते टीं टीं करून बोंबलायला लागायचं. मग कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवून नळी तिकडे जोडायची. चावी इतकी घट्ट की ती फिरवायची ताकद बाबांच्या हातात राहिली नव्हती. मी नसताना शेजारच्या मावशी धावत यायच्या. बाबा आम्हालाच म्हणायचे, "सावकाश, सावकाश." आता काय बोलायचं! ह्यांचे ओठ निळे पडतायत आणि म्हणे सावकाश.

मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनला मॅचिंगच्या दुकानात कामाला आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. बायका काउंटरवर साडी टाकतात, "ह्याला मॅच दाखव," आणि मी एकच गुलाबी सतरा तऱ्हेचा काढून दाखवते. बोलून बोलून पोट भरायचं, त्यामुळे मी तोंडाने फटकळ. बाबा माझ्या उलट. मुळात मोजकं बोलणारे, त्यात श्वास पुरेनासा झाल्यावर चार शब्द बोलायचे नि थांबायचे. त्या चार शब्दांत ते मला गप्प करायचे, ह्याचाच मला जास्त राग.

त्यांना आकाशाचं भारी वेड. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीत पेढे वाटायला लावले. तेव्हा मी काही बोलले नाही. यंत्र होतं, गेलं बिचारं. पण आपला माणूस वर जाणार, परक्या यानात त्याच्यासाठी आपल्या सरकारने जागा विकत घेतली आहे, पुढे आपण आपल्याच यानातून माणसं पाठवणार, असं टीव्हीवर सुरू झालं आणि बाबा नळी सावरत ताठ बसले. माझं टाळकंच सटकलं.

"कुणाच्या पैशाने?" मी विचारलं.

"आपल्या," बाबा म्हणाले, तेही कौतुकाने.

"तेच तर. त्याच्या श्वासाला अख्खा देश पैसे भरतोय. तुमच्या श्वासाला मी एकटी."

बाबा हसले. हसले की त्यांना खोकला यायचा. पाठ चोळता चोळता माझं चालूच होतं, "वर जाऊन काय दिवे लावणार आहे तो? यंत्र पाठवा ना! यंत्राला जेवण नको, ऑक्सिजन नको, परत आणायची कटकट नको. इथे अडलेल्या बाईला दवाखान्यातून रिक्षात घालून दुसऱ्या दवाखान्यात पाठवतात, तिथून तिसऱ्या. त्याला नाहीत पैसे."

खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "यंत्र नुसतं बघतं. माणूस परत येऊन सांगतो."

"काय सांगणार आहे तो?"

"वरून बघितलं ना... तर गावकूस दिसत नाही."

बाबांचा जन्म गावकुसाबाहेरचा. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ते कडेवर होते. धम्म घेतला म्हणून गावाने विहीर थोडीच उघडली! शाळेत मास्तरांनी एकदा पृथ्वीचा गोल आणला होता. बाकीच्या मुलांनी तो हाताने गरागरा फिरवला, ह्यांना मागे उभं राहून बघायला मिळाला. हे बाबांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, आणि तेही हसत. त्यांना म्हणे एवढंच बघायचं होतं की ह्या गोळ्यावर आपला गाव कुठे नि आपली वस्ती कुठे.

मला हे सगळं माहीत होतं, तरी मी म्हटलं, "गावकूस दिसत नाही तसे आपणही दिसत नाही, बाबा. आपलं गटारही दिसत नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी जिंकले, आणि मला जेवण गेलं नाही.

दुकानात शेठशी हाच वाद. शेठ सिंधी, मनाने चांगला, आमच्याशी अर्ध्या हिंदीत बोलतो. "बेटा, धंधे में पहले दुकान सजाना पडता है, तभी गिराइक आता है. देश का भी वैसाच है." मी म्हटलं, शेठ, दुकान सजवा, पण आतल्या माणसाचा जीव गुदमरतोय तिकडे आधी बघा. शेठला वाटलं मी पंख्याबद्दल बोलतेय. त्याने काउंटरवरचा पंखा माझ्याकडे वळवला.

आता विहाराच्या वायरचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. विहार आमच्या भिंतीला भिंत लावून. बांधताना बाबांनी विटा वाहिलेल्या. विहाराला स्वतःचं मीटर आहे, पण त्याच्यावर ट्यूब नि एखादा पंखा, ह्यापलीकडे काही चालत नाही. म्हणून जयंती असो, धम्माचा मोठा कार्यक्रम असो, वीज आमच्या घरातून. स्वयंपाकाच्या खिडकीतून वायर जायची. हा आमच्या घराचा मान. कुणी "यंदा आमच्याकडून घ्या" म्हटलं तर बाबांना अपमान वाटायचा. वायर गेली की घरातला फ्रीज बंद, मिक्सर बंद, टीव्ही बंद, हे मला लहानपणापासून पाठ. लोड जास्त झाला की मीटरखालचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, खाडकन पडतो आणि विहारासकट आम्ही अंधारात.

घरात मशीन आलं तेव्हा मी विहाराच्या अध्यक्षांना सांगितलं. त्यांना सगळी वस्ती काका म्हणते. "काका, आता वायर दुसरीकडून घ्या." काकांनी लगेच मान डोलावली. बाबांनी मात्र माझ्याशी अबोला धरला. जेवायला वाढलं तर जेवायचे, पण बघायचे भिंतीकडे. शेवटी मीच खिडकी उघडली. म्हटलं घ्या, काय घ्यायची ती वीज घ्या. जयंती नीट पार पडली. मशीन आणि रोषणाई दोन्ही चाललं. बाबा मला म्हणाले, "बघ. उगाच घाबरतेस."

टीव्हीवरच्या त्या माणसाचं वर जाणं सारखं पुढे ढकललं जात होतं. काकांनी विहारात पांढरा पडदा लावून सगळ्यांना उड्डाण दाखवायचं ठरवलं होतं. घरोघरी मोबाईल आहेत, पण बाबांनीच काकांच्या डोक्यात भरवलं की ही एकट्याने बघायची गोष्ट नाही, पोरीबाळींनी एकत्र बसून बघायला हवी. पडदा लागायचा नि उतरायचा. एकदा रॉकेटमध्ये गळती सापडली म्हणून थांबले. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. गळती असली की थांबायचं. आत जीव आहे." मी त्यांच्या नळीकडे बघितलं. सांध्यापाशी मीच चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती.

शेवटी ती दुपार आली. पाऊस थांबलेला, नुसता घाम. मी शेठकडून अर्धी सुट्टी घेऊन आले होते. मला विहारात जायचंच नव्हतं, मी मशीनजवळ बसणार होते. पण बाबा ऐकतील तर ना. "तू जा. बघ. मला येऊन सांग," म्हणाले. मावशींनाही पिटाळलं. मी फ्रीज बंद केला, टीव्ही बंद केला, मशीन तपासलं, वायर खिडकीतून दिली आणि गेले.

विहारात ही गर्दी. बायका, म्हातारे, शाळा बुडवून आलेली मुलं. उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून कुणीतरी मांडववाल्याकडून मोठे पंखे आणले आणि आमच्याच वायरच्या बोर्डात खुपसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आमच्याकडे विहारासाठी वीज मागायची नसते, ती असतेच. पलीकडच्या टोकाला काय चालू आहे, हे कुणी विचारत नाही.

उड्डाणाच्या जरा आधी पडदा काळा झाला. "ए लाइट! लाइट!" एकच कल्ला. मी उठून दाराकडे धावले, चप्पल शोधत होते, तेवढ्यात पडदा उजळला. पंखे फिरायला लागले. मी हुश्श केलं. म्हटलं बाबांनी एमसीबी वर केला, म्हणजे घरातही सगळं चालू झालं. आणि मी परत जाऊन बसले.

मग उलटी मोजणी. मुलं ओरडून आकडे म्हणत होती. खाली जाळ झाला, धुराचे लोट उठले आणि ते सगळं धूड हळूच जागचं हललं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. दुनियाभरची चिडणारी मी, मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. मावशी तर रडत होत्या. बाबांना कसं सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. धूर कसा, आवाज कसा, मुलं कशी नाचली. यान बारीक ठिपका होईपर्यंत बघितलं, आणि मग हसत घरात शिरले, "बाबा, गेला!"

घरात घरघर नव्हती.

बाबा मीटरखालच्या स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून. नळी नाकात तशीच. एमसीबी वर होता. मशीनचं बटण बंद होतं. ते काही आपोआप बंद होत नाही, बोटाने दाबावं लागतं. त्यांनी आधी एमसीबी वर केला असणार, तो लगेच पुन्हा पडला असणार. मशीन आणि विहार दोन्ही चालत नव्हतं. एकच चालणार होतं.

त्यांची नखं निळी पडली होती. माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. आवाज नव्हताच, नुसतं बोट. विचारत होते, गेला का?

"गेला, बाबा, गेला!" मी सिलिंडरची चावी फिरवत होते आणि बोंबलत होते, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कोण लागतो तो तुमचा? हाक मारता येत नव्हती?" मारता येत नव्हतीच. त्यांची हाक उंबऱ्यापर्यंतसुद्धा जात नव्हती.

पहिल्या दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडे सोय नाही, उल्हासनगरला न्या. तिथे म्हणाले, बेड नाही, पुढे न्या. ॲम्ब्युलन्समध्ये बाबांचे ओठ हलले, मी म्हटलं, "बोलू नका, दम लागेल." मला वाटलं आता आराम पडू दे, मग निवांत सांगेन सगळं. तिसऱ्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत बाबा गेले. बाहेर लख्ख उजेड होता. येऊन सांग म्हणाले होते. माझं सांगायचं राहून गेलं.

पुढे तो माणूस सुखरूप परत आला. शेठने दुकानात मोबाईलवर दाखवलं. त्याला अलगद बाहेर काढायला माणसं उभी, डॉक्टर उभे, सगळी तयारी आधीपासून. हसतमुख होता. त्याचा मला राग आला नाही, त्याने माझं काय वाईट केलंय? त्याच्यासाठी एवढी माणसं आधीपासून उभी होती, ते मात्र मी तो मोबाईल बंद होईपर्यंत बघत राहिले.

दुकानात अजून कधीतरी तो विषय निघतो. शेठ मला मुद्दाम डिवचतो, "बोल ना बेटा, पैसा पानी में गया कि नहीं?" पूर्वी मी तुटून पडले असते. आता बोलू काय? वाया गेला म्हणावं तर माझा बाप वाया गेला. वाया नाही गेला म्हणावं तर माझी जीभ झडेल. मी अस्तराचे तागे काढते आणि गिऱ्हाइकाला विचारते, ताई, फिकं दाखवू का गडद?

बाबा गेल्यावर महिन्याभराने विहारात त्यांची शोकसभा ठेवली होती. काका दारात आले, आत येईनात. खाली बघून म्हणाले, "बाळा, माइक आहे, लाइट आहे. वायर आम्ही दुसरीकडून घेतो."

मी खिडकी उघडली. मशीन बदलापूरला परत गेलं होतं, त्याचा बोर्ड रिकामाच होता. काकांनी वायर तिथेच लावली. विहारात सगळे पंखे लावले, दिवे लावले, माइकवर एकेक जण बाबांबद्दल चांगलं बोलत होता. इकडे घरात मी मुद्दाम फ्रीज चालू ठेवला. टीव्ही लावला. मिक्सर रिकामाच फिरवला. मग मीटरखालच्या स्टुलावर जाऊन बसले आणि सभा संपेपर्यंत वर बघत राहिले.

एमसीबी पडला नाही.